पुलाखालचे कुमागाई

पत्राखाली फक्त "कुमागाई" असं लिहिलं होतं. बस्स.

आमच्या खोऱ्यात हे आडनाव सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. पोस्टमन कुमागाई, दातांचा डॉक्टर कुमागाई, त्यानं ज्याचा चांगला दात उपटला तोही कुमागाई. म्हणून आम्ही एकमेकांना आडनावानं ओळखतच नाही. घराला नाव असतं. रंगाऱ्याचे, थंड झऱ्याचे, वरच्या गिरणीचे. आम्ही पुलाखालचे.

पत्र ब्रशनं लिहिलेलं, काळंभोर. "बरीच वर्षं झाली. आता तरी या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, अकरा वाजता, नदीकाठी. एका चुलीवरचा अळकुड्यांचा रस्सा खाऊ." ब्रशचं अक्षर म्हणजे माझा भाऊ कियोहारू. शाळेत त्याच्या अक्षराला बक्षिसं मिळायची आणि मला त्याची शाई उगाळायला बसवायचे. घराचं नाव त्यानं लिहिलं नव्हतं. मला वाटलं, मुद्दाम. मी आता घरची नाही, परकी आहे, म्हणून परक्याला लिहितात तसं आडनाव लिहिलं. असू दे. "आता तरी या" असं लिहिलंय ना? सव्वीस वर्षांनी का होईना, त्यानं मान खाली घातली.

मला त्याला एकच विचारायचं होतं. आई गेली तेव्हा मला हाडं वेचायला का नाही बोलावलंस?

आमच्याकडे स्मशानातल्या भट्टीतून हाडांचं ताट बाहेर आलं की घरची माणसं दोन्ही बाजूंना उभी राहतात. दोघांनी आपापल्या काड्यांनी, जेवायच्या असतात तसल्या, मिळून एकच हाड उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं. पायापासून सुरुवात, डोकं शेवटी, म्हणजे गेलेलं माणूस मडक्यात उलटं बसत नाही. आईला मुलं दोन. एक मी, एक तो. माझी काडी कोणी धरली कोण जाणे. मला कळलं ते डिसेंबरात, छापील कार्डावरून. "ऑक्टोबरमध्ये मातोश्रींचे निधन झाल्याने यंदा नववर्षाच्या शुभेच्छा पाठवू नयेत." कापडवाल्याला, दूधवाल्याला गेलं असेल तेच कार्ड सख्ख्या बहिणीला. मी ते फाडलं. फोन केला नाही. नवरा सोडला म्हणून आईनं दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला होता, ते खरं. पण अबोला म्हणजे काय मेल्यावरही?

तर मी आले. दोन गाड्या आणि एक बस बदलून, बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांवर.

नदीकाठ ओळखू आला नाही. जिथं आम्ही मुळे धुवायचो तिथं सिमेंटच्या चुली बांधल्यात, ओळीनं. पत्र्याच्या छपराखाली लाकडी बाकं. जाळ्या आणि कोळसा भाड्यानं मिळण्याची खिडकी. "गाणी मोठ्यानं लावू नयेत", "राख नदीत टाकू नये". धूर सगळीकडे. खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं कोणत्या चुलीवर कोण ते लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि मला हसावं की रडावं कळेना.

एक, कुमागाई मंडळी. दोन, कुमागाई मंडळी. तीन, कुमागाई मंडळी. असं आठपर्यंत.

एकाच आडनावाचा घोळ मला नवा नाही. मी बंदरावर मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं काढली, तिथंही आम्ही दोघी कुमागाई होतो. दुसरी पॅकिंगमधली किनुए, आमच्या खोऱ्यातली नव्हे, लग्न होऊन बंदरावर आलेली. ती रेल्वेपुलाखालच्या गल्लीत राहायची. एकदा ऑफिसातली पोरगी धावत आली आणि म्हणाली, कुमागाईबाई, तुमची आई गेली. किनुए एप्रन न सोडता रडत स्टेशनला पळाली, माहेरी पोचली, तर आई परसात मुळे उपटत होती! "मी मेले कधी?" म्हणून आईनंच तिला झोडपलं. ही गोष्ट आम्ही कारखान्यात कितीतरी दिवस सांगत होतो. मी तर आईच्या आवाजात सांगायचे, हातात मुळा धरून. सगळ्यात जास्त मीच हसवायचे.

खिडकीतल्या पोरीनं विचारलं, "आपण कोणत्या कुमागाई?"

"पुलाखालच्या."

"पुलाखाली पार्किंग आहे, आजी."

"आजी कोणाला म्हणतेस? पुलाखालचं घर विचारतेय मी."

"घर नाहीये हो तिथं. पार्किंग, आणि राख टाकायची टाकी." तिनं बोटानं दाखवलं.

मी वळून पाहिलं. पूल होता. घर नव्हतं. पांढरे पट्टे मारलेल्या जागेत गाड्या उभ्या होत्या, आणि जिथं आमचं स्वयंपाकघर होतं, बरोबर तिथं, सिमेंटची चौकोनी टाकी. एक माणूस पाटीभर राख तिच्यात ओतत होता. आमच्या चुलीच्या जागेवर अख्ख्या जिल्ह्याची राख. मग पत्र आलं कुठून? भाऊ राहतो कुठे? की त्यानं घर विकून वर त्याच जागी मला रस्सा खायला बोलावलं? एवढा निर्लज्ज तो नव्हता. निदान तेव्हा नव्हता.

पोरीनं मला एक रंगीत नकाशा दिला. "आजूबाजूला बघण्यासारखं खूप आहे. पाणचक्की, द्राक्षांचा मळा, गरम पाण्याचं पायकुंड, झुलता पूल." मी त्या पाणचक्कीत दळण आणायला जायचे. आता ते बघण्यासारखं झालं म्हणे.

मी पहिल्या चुलीपासून सुरुवात केली. गेले, वाकले, आणि कोणी काही बोलायच्या आत माझ्या हातात वाडगा आला. "या, या, बसा! किती वर्षांनी!" असं म्हणणाऱ्या बाईला मी कोण हे माहीत नव्हतं, तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण आमच्याकडे "आपण कोण?" असं विचारणं म्हणजे "मी तुम्हाला विसरले" असं तोंडावर सांगणं. त्यापेक्षा परक्या माणसाला जेवू घातलेलं सोपं. मीही विचारलं नाही. मीसुद्धा याच खोऱ्यातली. रस्सा खाल्ला, छान आहे म्हटलं, उठले.

दुसऱ्या चुलीवर तेच. तिसरीवर तर एका म्हाताऱ्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली, माझ्या नवऱ्याला नमस्कार सांगितला आणि माझ्या मुलाला नोकरी लागल्याबद्दल आनंद व्यक्त केला. मला मूल नाही. मी आभार मानले. गंमत म्हणजे तिथं बसलेले सगळेच एकमेकांकडे असे बघत होते, की वाटावं कोणालाच नक्की कळलेलं नाही आपण कोणाचे पाहुणे आहोत.

चौथ्या चुलीशी रस्सा नव्हता, जाळीवर मांस भाजत होतं. एक तरुण बाई आपल्या काड्यांनी तुकडा उचलून नवऱ्याला देत होती आणि तो आपल्या काड्यांनी घेत होता. इतक्यात एक ऐंशीची म्हातारी खेकसली, "आयुमि! काड्यांतून काड्यांत? भट्टीवर उभी आहेस का? हाडं तशी देतात, जेवण नाही. ताटलीत ठेव आधी!"

"चुकलं, सासूबाई."

"तुझा नवरा अजून जिवंत आहे. दिसायला नसला तरी."

नवरा गुपचूप ताटली पुढे करून बसला. म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला ओळखलं. रंगाऱ्याची हात्सुनोकाकू. लहानपणी तिच्या परसातली निळीत रंगवलेली कापडं वाळताना मी चोरून त्यांत तोंड पुसायचे. तीही माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

शेवटी मीच रीत मोडली. "काकू, पुलाखालचे कोणत्या चुलीवर बसलेत?"

"पुलाखालचे?" तिनं चिमट्यानं कोळसा उलटा केला. "मघाशी एक काळ्या टोपीवाले येऊन गेले. तेही हेच विचारत होते."

"काय विचारत होते?"

"पुलाखालचे कुठे बसलेत. मी म्हटलं, मला काय माहीत. ते पाणचक्कीकडे गेले."

माझ्या डोक्यात काहीच बसेना. ज्यानं बोलावलं तोच स्वतःची चूल शोधतोय? मग मी वय मोजलं. तो आता सहासष्टचा. त्याचं डोकं गेलं असेल तर? आमच्या वडलांचं सत्तरीआधीच गेलं होतं, शेवटी शेवटी ते मला "बाई, घर कुठंय हो तुमचं?" विचारायचे. भावाचं तसं झालं असेल, तर मी कोणाला विचारणार? सव्वीस वर्षं तोंडात धरून ठेवलेला प्रश्न, आणि समोरचा माणूस म्हणणार, "कोणती आई?"

मी जवळजवळ पळतच पाणचक्कीला गेले. तिथं एक जोडपं चाकासमोर हसून फोटो काढत होतं. दळण दळणाऱ्या माणसानं सांगितलं, "काळी टोपी? हो, आले होते. कोणा बाईला शोधतायत. पुलाखालची बाई म्हणे. द्राक्षांकडे पाठवलं मी."

"तुम्ही तिकडे का पाठवलंत?"

"बायका तिकडेच जातात."

मला शोधतोय! मग चुलीवर का नाही बसला, गाढव? पाहुण्याला बोलावून यजमान मळ्यात हिंडतो, हे कुठलं वळण? द्राक्षांच्या मळ्यात बाईनं माझ्या हातात कात्री आणि टोपली दिली, मी दोन्ही परत दिल्या. "टोपीवाले आजोबा एक घडही न तोडता गेले," ती म्हणाली, तिला त्याचं फार वाईट वाटलेलं दिसलं. "पाय दुखतात म्हणाले. पायकुंडाकडे."

पायकुंड म्हणजे लाकडी छप्पर, मध्ये लांबट हौद, त्यात गरम पाणी आणि काठावर बसून पाय सोडलेली माणसं. दुसऱ्या टोकाला काळी टोपी होती. पाठीवरूनच ओळखलं. आमच्या घरातल्या सगळ्यांचा उजवा खांदा वर असतो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोटऱ्या वाळक्या लाकडासारख्या. माझ्या मनातला भाऊ चाळिशीचा होता.

आणि त्याच्या शेजारी हात्सुनोकाकू. तिनंही आम्हाला ओळखलं असावं; जवळच्या वाटेनं माझ्या आधी पोचली होती.

मी बूट काढले, मोजे काढले, पाय पाण्यात टाकले. पाणी भाजत होतं.

"बोलावतोस आणि हिंडतोस कुठे?" मी म्हटलं.

त्यानं वळून पाहिलं. डोकं शाबूत होतं. त्याच्या कपाळावर लगेच आठी चढली, म्हणजे शाबूतच. "मी बोलावलं? बोलावलंस तू."

"मी?"

"तू. कुमागाई म्हणून सही केलीस. घराचं नाव लिहायची लाज वाटली तुला."

"लाज मला? घर विकून पार्किंग कोणी केलं?"

"पत्र लिहिलंस ते लिहिलंस, वर मलाच—" त्यानं खिशातून पत्र काढून माझ्या तोंडासमोर धरलं. मीही माझं काढलं. ब्रशचं अक्षर, काळंभोर. "नदी" या शब्दाच्या शेपटीला शाईचा एक थेंब. त्याच्या पत्रावर तोच थेंब, त्याच जागी.

हात्सुनोकाकूनं कमरेच्या पिशवीतून तिसरं पत्र काढलं. "मलाही आलंय. मी मेली इथंच राहते, तरी आलंय. थंड झऱ्याच्या तोशिमासानं लिहिलं. गाव सोडून गेलेल्यांना एकदा जमवायचं म्हणून एक लिहिलं आणि यंत्रात घालून दोनशे काढली. घराचं नाव सगळ्यात खाली होतं, ते कापलं गेलं. सकाळपासून दोनशे कुमागाई एकमेकांना शोधत रस्सा पितायत आणि तो मूर्ख खिडकीमागे लपून बसलाय."

तर असं. माझी माफी कोणी मागितली नव्हती. त्याचीही नाही. मी इतक्या लांब आले ते एका कापलेल्या ओळीसाठी. तो पाण्यातून पाय बाहेर काढून टॉवेलनं पुसायला लागला, एकेक बोट, जोरजोरात. जाणार होता. मला वाटलं, जाऊ दे. मग वाटलं, का जाऊ दे?

"एक सांगून जा," मी म्हटलं. "मला हाडं वेचायला का नाही बोलावलंस?"

त्याचा हात थांबला. "बोलावलं नाही?"

"कार्ड पाठवलंस. दूधवाल्याला पाठवतात तसलं."

"दोनदा फोन केला मी तुझ्या कारखान्यात! दोनदा! सकाळी केला, निरोप दिला. संध्याकाळी केला, तर ती पोरगी म्हणाली, त्या कधीच गेल्या, रडत रडत स्टेशनला गेल्या. आम्ही शेवटच्या गाडीपर्यंत स्टेशनात उभे. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीलाही. तू अर्ध्या वाटेतून परत फिरलीस. आईसाठीसुद्धा अबोला सोडला नाहीस. मग कार्डच पाठवणार, दुसरं काय पाठवणार?"

"भट्टी तासभर थांबवली होती गं तुझ्यासाठी," काकू पाण्याकडे बघत म्हणाली. "भट्टीवाला चिडला होता. मी होते तिथं."

माझ्या पायांना पाणी भाजेनासं झालं. रडत रडत स्टेशनला. मला कारखान्याचा जिना दिसला, आणि एप्रन न सोडता पळणारी बाई.

"फोनवर काय म्हणालास तू?" मी विचारलं. "नेमकं सांग. शब्द सांग."

"काय म्हणणार? कुमागाईंना निरोप द्या, आई गेली. ती म्हणाली, कोणत्या कुमागाई, आमच्याकडे दोन आहेत. मी म्हटलं—" तो थांबला. त्याला अजून काही कळलं नव्हतं, फक्त माझं तोंड बघून थांबला. "मी म्हटलं, पुलाखालच्या."

किनुए रेल्वेपुलाखालच्या गल्लीत राहायची.

मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, मुळ्यासकट. आईच्या आवाजात नाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई घरी पोचली तेव्हा तिची आई काय करत होती म्हणालीस?"

"मुळे उपटत होती."

तो हसला. घाणेरडं, कुत्रं भुंकल्यासारखं एकदाच हसला आणि टॉवेल तोंडावर धरला. बराच वेळ धरला. मी काय म्हणणार? ज्या आठवड्यात आई जळत होती त्या आठवड्यात मी हातात मुळा धरून डबा खाणाऱ्या बायकांना हसवत होते. मग मेली कोणाची आई, असं एकदाही विचारलं नाही. चाळीस बायका हसल्या, एकीनंही विचारलं नाही. ऑक्टोबर म्हणून कार्डावर छापलेलं होतं, तेही वाचलं होतं. राग इतका होता की महिना दिसला नाही. मी सव्वीस वर्षं भावाला शिव्या दिल्या. त्यातल्या थोड्या माझ्या वाट्याच्या होत्या, थोड्या त्या ऑफिसातल्या पोरीच्या. कोणाच्या किती, ते मला आजही लावता येत नाही.

"चला," काकू उठली. "पाय सुकले की चुलीवर या. इथं बसून काय शिजणार आहे तुमचं?"

आम्ही तिच्यामागून गेलो. पार्किंगपाशी तो थांबला आणि टाकीकडे बघत म्हणाला, "पुरात भिंत गेली होती. राहण्यासारखं नव्हतं." मी म्हटलं, "बरं."

चौथ्या चुलीवर आयुमिनं आम्हाला जागा दिली, वाडगे दिले, काड्या दिल्या. जाळीवर मांस होतं. तीन चुलींचा रस्सा माझ्या पोटात होता, त्याच्याही असणार. भूक कोणालाच नव्हती. दादानं एक तुकडा उचलला. ताटलीत ठेवला नाही. जाळीवर, माझ्यासमोर, तसाच धरून ठेवला. चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडून चरचरत होते.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

मी माझ्या काड्या पुढे केल्या आणि तोच तुकडा दुसऱ्या बाजूनं धरला.

शेजारच्या चुलीवरचं कोणीतरी "अहो, अहो!" करून ओरडलं. आयुमिनं सासूकडे पाहिलं. हात्सुनोकाकूनं तोंड उघडलं होतं. तिनं ते मिटलं, आमच्याकडे पाठ केली आणि सुनेच्या अंगावर खेकसली, "बघतेस काय? विस्तव मंदावलाय, कोळसा घाल!"

दोघांनी मिळून तुकडा उचलला. हलकाच होता. रिकाम्या वाडग्यात ठेवला.

"पाय आधी," दादा म्हणाला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि पुढच्या तुकड्याला काड्या लावल्या.